'ओ' कुठे बारीक होतो : पॉम्पेईपासून पार्मापर्यंत

मी देवनागरी फाँट आखते. सध्या मोठ्या मथळ्यांसाठीचा एक फाँट हातात आहे आणि त्यातला 'ठ' मनासारखा बसत नव्हता. गोल होता, पण त्यात हात दिसत नव्हता. रोमन लिपीत काम करणारे अशा वेळी इटलीतल्या दगडांकडे वळतात, हे पुस्तकांतून ठाऊक होतं. ते दगड प्रत्यक्ष पाहायचे आणि प्रत्येक ठिकाणी एकच अक्षर, रोमन 'ओ', निरखायचं असं ठरवून नोव्हेंबरात निघाले.

सोबत मामा होते. मामांनी उभी हयात मिरजेत पाट्या रंगवण्यात घालवली. किराणा दुकानं, दवाखाने, दूध डेअऱ्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय. फ्लेक्स आले तेव्हा कामं घटली, पण चपटा ब्रश अजून त्यांच्या शबनममध्ये असतो. अक्षरांच्या प्रवासाला याहून चांगली सोबत मला सुचली नसती.

रविवार, पॉम्पेई

नापोलीहून व्हेसुव्हियसच्या कडेने जाणारी लोकल पकडली आणि दारं उघडताच आत शिरलो. बाकीचे लोक देवळं, हमामखाने बघायला पांगले. आम्ही मात्र व्हिया देल्लाब्बोंदान्त्सा या मुख्य रस्त्याच्या भिंती धरून चालत राहिलो. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली हे गाव गाडलं गेलं, तेव्हा भिंतींवर निवडणुकीचा प्रचार रंगवलेला होता. असे 2,500 हून जास्त मजकूर इथे सापडलेत. आता बरेचसे पुसट झालेत, काहींवर काच बसवली आहे. उमेदवाराचं नाव मोठं, खाली पद, आणि मग तीन अक्षरांचं एक ठरलेलं संक्षिप्त रूप, अर्थ असा की 'यांना निवडून द्या, ही विनंती'. आधी भिंतीला पांढरा हात, मग लाल किंवा काळ्या रंगात अक्षरं.

मामा एका काचेपुढे थांबले ते हलेचनात. "आपल्याकडं पण अस्संच. आधी चुना, मग नाव, मग निशाणी. नाव लांबून वाचता आलं पाहिजे, बाकीचं कुणी वाचत नाही." मग जवळ जाऊन म्हणाले, "बघ, उभी रेघ बारीक आहे आणि आडवी जाड. ब्रशची धार उभी धरलीय आणि मनगट फिरवलेलं नाही. घाईचं काम."

अगदी हेच अक्षरतज्ज्ञ सांगतात. या अरुंद, उंच वळणाला रस्टिक म्हणतात आणि त्यातला 'ओ' इतर रोमन वळणांच्या उलट वागतो. बाजूंना बारीक, वर-खाली जाड. स्विस टाइप-डिझायनर एड्रियन फ्रूटिगर यांनी 1992 मध्ये याच भिंतींवरून 'पॉम्पेयाना' नावाचा फाँट केला.

रंगवणाऱ्यांची नावंही भिंतींवर आहेत. एमिलियस केलेर नावाच्या पेंटरने एका जाहिरातीखाली लिहून ठेवलं आहे की हे त्याने एकट्याने, चांदण्यात लिहिलं. आणखी एका भिंतीवर कंदील धरणाऱ्याला सूचना आहे, 'कंदीलवाल्या, शिडी नीट धर.' मी हे मामांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. प्रचाराच्या दिवसांत रात्री बाराच्या पुढे भिंत धरायची, पोलीस नको, विरोधी पार्टीची पोरं नकोत, शिडीखाली एक भरवशाचा माणूस हवा, हे सगळं त्यांना पाठ आहे. संध्याकाळी जेवतानाही ते केलेरबद्दलच बोलत होते, एकट्याने शिडी आणि रंगाचा डबा कसा सांभाळला असेल म्हणून.

सोमवार, रोम

रोमन सम्राट ट्राजनचा स्तंभ भर रस्त्याकडेला आहे. तिकीट नाही, रांग नाही. इ.स. 113 मध्ये उभारलेला हा संगमरवरी खांब आणि त्यावरची युद्धाची गोल गोल चढत जाणारी शिल्पं बघायला लोक माना वर करतात. आम्हाला खाली बघायचं होतं. चौथऱ्याच्या दारावर एक सहा ओळींची शिला आहे. पायथा आजच्या रस्त्यापेक्षा बराच खाली असल्याने ती कठड्यावरून लांबूनच दिसते. दुर्बीण नेली होती, ती इथे सगळ्यात जास्त कामी आली.

रोमन लिपीची मोठी अक्षरं कशी असावीत, याचा शेवटचा शब्द ही शिला मानली जाते. सकाळचं ऊन तिरपं होतं. अक्षर इंग्रजी 'व्ही'सारख्या खोबणीत कोरलेलं असतं, त्यामुळे एक उतार उजळतो आणि दुसऱ्यावर सावली पडते. कोरीव रेघेच्या मधोमध एक धार दिसते. वरच्या ओळींची अक्षरं खालच्यांपेक्षा थोडी मोठी आहेत. खालून वाचणाऱ्याच्या डोळ्याला सगळ्या ओळी सारख्या वाटाव्यात म्हणून हे केलं, असं सर्वसाधारणपणे सांगतात. शेवटच्या ओळीत मध्येच दगड कापला गेला आहे आणि काही अक्षरं गेली आहेत.

आता 'ओ'. तो गोल आहे, पण बारीक जागा बरोबर माथ्यावर नाहीत. वरची जागा किंचित डावीकडे सरकलेली, खालची किंचित उजवीकडे. घड्याळाची भाषा वापरायची तर 11 आणि 5. छिन्नीने कोरणाऱ्याला असं करण्याचं काहीच कारण नाही, त्याला कुठेही सारखंच कोरता येतं. चपटा ब्रश थोडा तिरका धरून गोल फिरवला, की मात्र हे आपोआप होतं.

ही गोष्ट पुराव्यासह मांडली ती एडवर्ड कॅटिच या अमेरिकन धर्मगुरूने. रेघांच्या टोकांना असलेले छोटे पाय, ज्यांना आपण सेरिफ म्हणतो, ते छिन्नीमुळे आले असं त्याआधी बरेच जण मानत. कॅटिच धर्मगुरू होण्याआधी शिकागोत पाट्या रंगवायचे. 1930 च्या दशकात रोमला शिकायला आले, या शिलेवर कागद घासून ठसे घेतले आणि त्यांना दिसलं की हे सगळं आधी ब्रशने दगडावर लिहिलं गेलं आणि मग त्या लिखाणावरून कोरलं गेलं. सेरिफ म्हणजे रेघ सुरू करताना आणि संपवताना ब्रशला दिलेला हलका पीळ. त्यांचं 'द ओरिजिन ऑफ द सेरिफ' 1968 मध्ये आलं. एवढे विद्वान ही शिला बघून गेले होते, पण ब्रश ओळखायला पेंटरच लागला, आणि मला यात फार मोठा न्याय वाटतो.

मामांनी पाण्याच्या बाटलीत ब्रश बुडवला आणि कठड्याच्या सपाट दगडावर रोमन 'आय' काढला. वरून आत येताना एक पीळ, सरळ खाली, सुटताना दुसरा पीळ. पाणी वाळायच्या आत दोन्ही बाजूंना पाय उमटलेले स्पष्ट दिसले. "दुकानाच्या पाटीवर हे रोज करायचो," ते म्हणाले, "नाव ठाऊक नव्हतं."

1989 मध्ये अॅडोबीच्या कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी या शिलेवरून 'ट्राजन' फाँट केला. सिनेमाच्या पोस्टरांवर तो इतका दिसतो, की बहुतेकांनी तो नाव न जाणता पाहिलेला असतो. शिलेवर एच, जे, के, यू, डब्ल्यू, वाय आणि झेड ही अक्षरंच नाहीत, ती ट्वॉम्ब्लींना स्वतः घडवावी लागली. इथे फाँट करणाऱ्याची खरी परीक्षा होते. जे समोर आहे ते उतरवता येतं. जे नाही ते त्याच हाताने लिहिलं असतं तर कसं दिसलं असतं, हे ओळखायला तो हात कळलेला असावा लागतो. या फाँटमध्ये लहान लिपीची अक्षरं नाहीतच, कारण तेव्हा ती नव्हती. ट्वॉम्ब्लींनी तो मोह टाळला हे फार बरं केलं.

मंगळवार, रोम

स्पॅनिश पायऱ्यांची गर्दी ओलांडून पलीकडे गेलं की प्रोपागांदा फिदेची इमारत लागते. पुढची बाजू बेर्निनी या वास्तुकाराची, गल्लीतली बोरोमिनी या दुसऱ्या वास्तुकाराची. धर्मप्रसारासाठी 1622 मध्ये ही संस्था निघाली आणि 1626 मध्ये तिचा छापखाना. जगभरच्या लिप्यांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, या छापखान्याने पाडले. इथे 1771 मध्ये 'आल्फाबेतुम ब्राम्हानिकुम' नावाचं छोटं पुस्तक छापलं गेलं. त्याच्या लॅटिन नावात 'काशी' हा शब्द आहे. कास्सियानो बेलिगात्ती या कापुचिन धर्मगुरूने ते तयार केलं होतं. सुटे खिळे जुळवून देवनागरी छापल्याचं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. त्याआधी युरोपात देवनागरी छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यावर आख्खं पान कोरून.

मी फुटपाथवर उभी राहून मोबाइलवर त्या पुस्तकाची स्कॅन केलेली पानं उघडली. आपली बाराखडी, रोमच्या एका गल्लीत, कागदावर पहिल्यांदा शिशाने उमटलेली. मुंबईच्या गणपत कृष्णाजींचा छापखाना अजून साठ वर्षं लांब होता.

या जागी मला एक गोष्ट मामांना नीट सांगायची होती. रोमन लेखणी आणि आपला बोरू यांचा काप एकमेकांच्या उलट असतो. रोमन लिहिताना डाव्या खालून उजव्या वर जाणारी रेघ बारीक येते. बोरूने देवनागरी लिहिताना तीच जाड येते, आणि डाव्या वरून उजव्या खाली उतरणारी बारीक. म्हणून जुन्या पोथीतला 'ठ' 11 आणि 5 वर बारीक होत नाही, 1 आणि 7 वर होतो. रोमन 'ओ' आरशात धरला तर जसा दिसेल तसा. रोममधल्या कारागिराच्या हाताला आयुष्यभर एका बाजूच्या तिरपेपणाची सवय. त्याला आपली अक्षरं घडवायची तर सगळा जाड-बारीकपणा उलटा विचारात घ्यायला हवा.

मामांनी वहीत बोरूच्या कापाचं चित्र काढलं, मग ब्रश दोन्ही बाजूंनी धरून पाहिला. "मराठी पाटी लिहिताना मी ब्रश असा धरतो, इंग्लिशला असा," ते म्हणाले, आणि खरंच त्यांचं मनगट आपसूक वळलं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

बुधवार, फ्लोरेन्स

स्टेशनबाहेर आलं की समोरच सांता मारिया नोव्हेल्ला. दर्शनी भागावर, त्रिकोणी माथ्याच्या खाली, आडव्या पट्ट्यात जोवान्नी रुचेल्लाईचं नाव आणि 1470 हे साल लॅटिनमध्ये आहे. पांढऱ्या संगमरवरात गडद दगड जडवून केलेली ही अक्षरं लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या वास्तुकाराच्या आराखड्यातली. मधली कित्येक शतकं युरोपात गॉथिक हे दाट, टोकदार वळण चाललं होतं. आल्बेर्तीसारख्यांनी पुन्हा जुन्या रोमन शिलांकडे पाहिलं.

दुपारचा सगळा वेळ सांता क्रोचेला दिला. मिकेलांजेलो, गॅलिलिओ, माकियाव्हेल्ली इथे पुरलेले आहेत आणि माणसं त्यांच्या स्मारकांपुढे उभी असतात. आम्ही जमिनीवर बसलो. चर्चची फरशी म्हणजे शेकडो थडग्यांचे दगड, शतकानुशतकांच्या पावलांनी झिजलेले.

1950 मध्ये जर्मन टाइप-डिझायनर हेर्मान त्साफ इथे आले होते. काही थडग्यांवरची अक्षरं त्यांना वेगळी दिसली. त्यांना सेरिफ नव्हते, पण रेघ कमरेत बारीक होऊन टोकांकडे हळूच रुंदावत होती. जवळचा कागद संपला होता, म्हणून त्यांनी 1,000 लिरांच्या नोटांवर ती अक्षरं उतरवून घेतली. त्यातून 'ऑप्टिमा' तयार झाला आणि 1958 मध्ये श्टेम्पेल कंपनीने तो बाजारात आणला. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्ध स्मारकाच्या काळ्या ग्रॅनाइटवर 58,000 हून अधिक सैनिकांची नावं आहेत, ती ऑप्टिमात. थडग्यांवरून घेतलेलं वळण चारशेहून जास्त वर्षांनी मृतांची नावं लिहायला पुन्हा दगडावर गेलं.

एका दगडाशी मी बराच वेळ होते. त्यावरच्या 'ई'ची मधली रेघ जवळजवळ पुसली होती, पण उभ्या रेघेचं वरचं टोक शाबूत होतं. बोट फिरवलं तर रुंदावणं डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त स्पष्ट लागतं. रुंदी किती वाढते? फार तर पानाच्या कडेइतकी. त्साफ यांनी इथून अक्षरं उचलली नाहीत. ऑप्टिमातलं एकही अक्षर या दगडांची नक्कल नाही. त्यांनी एक निर्णय उचलला, की सेरिफ नसतानाही रेघेला शेवट देता येतो. मला वाटतं, जुन्या लिखाणावरून फाँट करणारे इथेच वेगळे होतात. काही जण आकार नेतात, काही जण त्यामागचं कारण नेतात. दुसऱ्या प्रकारचे फाँट जास्त टिकतात.

गुरुवार, फ्लोरेन्स

सकाळी सान मार्को मठ. फ्रा आंजेलिकोची भित्तिचित्रं बघून वरच्या मजल्यावर मिकेलोत्सोने बांधलेल्या ग्रंथालयात गेलो. कमानींचं लांब, शांत, उजेडाचं दालन. निक्कोलो निक्कोली या पुस्तकवेड्या माणसाचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर इथे आला. काचपेट्यांत मोठाल्या गायनग्रंथांची पानं उघडी आहेत, जाड गॉथिक अक्षरांची.

निक्कोली आणि त्याचा मित्र पोज्जो ब्राच्चोलिनी यांना हे गॉथिक वळण नकोसं झालं होतं. जुने लॅटिन ग्रंथ शोधताना त्यांना स्वच्छ, सुटसुटीत, गोलसर अक्षरांतल्या प्रती सापडल्या. हेच प्राचीन रोमनांचं अक्षर असं समजून त्यांनी ते गिरवलं. प्रत्यक्षात त्या प्रती नवव्या ते अकराव्या शतकातल्या, म्हणजे शार्लमेन या सम्राटाच्या काळापासून चालत आलेल्या वळणाच्या होत्या. पोज्जोच्या या हस्ताक्षरातून छापील रोमनची लहान लिपी आली आणि निक्कोलीच्या घाईच्या, तिरप्या अक्षरातून पुढे इटॅलिक. आज इंग्रजीची कुठलीही ओळ घ्या, तिच्यातलं मोठं अक्षर ट्राजनच्या काळातलं असतं आणि त्याला चिकटलेली लहान अक्षरं सात-आठशे वर्षांनी धाकटी. दोन्ही एका कुटुंबातली वाटतात, हे छपाईच्या पहिल्या पिढीतल्या कारागिरांचं देणं आहे.

शुक्रवार, व्हेनिस

पाऊस होता. 1470 मध्ये निकोला जेन्सनने याच शहरात आपला सुंदर रोमन टाइप आणला. 1495 नंतर आल्दुस मानुत्सियुस या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफ्फोने टाइप कोरले. 1501 मध्ये त्यांनी खिशात मावणारा व्हर्जिल इटॅलिकमध्ये काढला. ग्रिफ्फोने मोठी अक्षरं लहान अक्षरांच्या उंच दांड्यांपेक्षा किंचित बुटकी ठेवली, म्हणजे ती पानात डोळ्यांवर येत नाहीत. मोनोटाइप कंपनीचा 1929 चा 'बेम्बो' फाँट त्याच्याच कामावरून केलेला आहे. ग्रिफ्फोचा 'ओ' अजून 11 आणि 5 वरच बारीक होतो. कोरलाय पोलादात, पण लेखणी सुटलेली नाही.

मामांना मात्र गल्ल्यांच्या पाट्या आवडल्या. इथे रस्त्याचं नाव थेट भिंतीवर, पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांनी रंगवतात. ओलाव्याने पोपडे निघतात आणि पुन्हा रंगवतात. त्यांना नित्सिओलेती म्हणतात. पेंटरला कायम काम देणारं गाव, म्हणून मामांनी व्हेनिसला पहिला नंबर दिला.

शनिवार, पार्मा

जाम्बात्तिस्ता बोदोनी वयाच्या अठराव्या वर्षी रोमला आला आणि प्रोपागांदा फिदेच्या त्याच छापखान्यात कामाला लागला. तिथले परकीय लिप्यांचे पंच साफ करणं, लावणं यात त्याचा हात तयार झाला. 1768 मध्ये पार्माच्या ड्यूकने त्याला बोलावलं आणि 1813 मध्ये मरेपर्यंत तो इथेच राहिला. पिलोत्ता या राजवाड्यातल्या त्याच्या संग्रहालयात 25,000 हून जास्त पंच आहेत.

पंच म्हणजे बोटाएवढी पोलादी कांडी. टोकावर अक्षर उलटं कोरायचं. आतली पोकळी वेगळ्या पंचने ठोकून पाडायची, बाहेरची बाजू कानशीने घासायची. मग टोक मेणबत्तीच्या ज्योतीत धरून काजळी घ्यायची आणि कागदावर दाबायचं, की अक्षर कसं होतंय ते कळतं. पसंत पडलं की पोलादाला पाणी द्यायचं. तो कडक पंच तांब्यात ठोकला की मातृका तयार. तिच्यावर साचा बसवून शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतला की खिळा. एकेका आकारासाठी हे सगळं पहिल्यापासून. बोदोनीच्या पेट्यांमध्ये शेजारशेजारचे आकार इतके जवळचे आहेत, की भिंग धरल्याशिवाय फरक कळत नाही.

आणि त्याचा 'ओ' बरोबर 12 आणि 6 वर बारीक होतो. दोन्ही बाजू अगदी समान, रेघ केसाएवढी. इथे ब्रश नाही, रुंद लेखणीही नाही. तांब्यावर कोरीव काम करणाऱ्यांचं टोक आणि दाबाने जाड-बारीक होणारी टोकदार निब, हे त्याचे गुरू. कागद गुळगुळीत झाला, शाई सुधारली, म्हणून केसाएवढी रेघ छापता आली. त्याच्या मृत्यूनंतर 1818 मध्ये पत्नी मार्गेरिताने त्याचं दोन खंडांचं 'मानुआले तिपोग्राफिको' प्रसिद्ध केलं. पानं बघताना श्वास रोखला जातो, इतकं ते देखणं आहे.

माझ्या 'ठ'चं उत्तर या काचेपुढे मिळालं. मथळ्यांच्या बऱ्याच नव्या देवनागरी फाँटांत गोल अक्षरं 12 आणि 6 वर बारीक होतात, आणि माझं मत असं की तो बोदोनी आणि त्याच्या फ्रेंच समकालीन दिदोंचा वारसा आहे, इंग्रजी फाँटच्या शेजारी शोभावं म्हणून आलेला. बोरूतून तो आलेला नाही. मुंबईत जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, राणूजी आरूंनी पंच कोरले, तेव्हा त्यांच्यापुढे पोथ्यांचं वळण होतं आणि ते त्या खिळ्यांत उतरलं. पोलाद, कानशी, काजळी हे सगळं पार्मातलंच, पण 'ठ' आपला. बोदोनीपेक्षा ते काम कमी तोलाचं आहे असं मला जराही वाटत नाही. पार्माने बोदोनीचा एकेक पंच ज्या निगुतीने जपला, ती निगा आपल्या पंचकारांच्या कामालाही मिळायला हवी होती.

संध्याकाळच्या मिलानच्या गाडीत लॅपटॉप उघडला. 'ठ'च्या बारीक जागा 12 वरून 1 कडे आणि 6 वरून 7 कडे सरकवल्या, मग 'ळ', 'छ' आणि 'ढ'. मामा शेजारून बघत होते. 'ढ'च्या आतल्या वळणाशी त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं ब्रश अडकला असता, जागा सोड." जागा सोडली. पियाचेन्त्सा येईपर्यंत आमचं 'क्ष'वर सुरू झालं होतं.